रोज रात्रीची झडती थांबवा

प्रश्न : मुलगा बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या तीन महिन्यांच्या रिअ‍ॅक्टच्या क्लासला घातलंय, पण घरी तो एचटीएमएल-सीएसएसच, म्हणजे पानाचा सांगाडा नि रंगरूपच, करत बसतो. तो पोरखेळ कशाला? शेजारचा मुलगा हिंजवडीत लागलासुद्धा. आमच्याला रोज जेवताना विचारतो, 'आज नवीन काय शिकलास?' तर उत्तर देत नाही. फ्रंट-एंड (वेबसाइटचा वापरणाऱ्याला दिसणारा भाग) शिकण्याचा नेमका क्रम सांगा. – एक पालक, बार्शी

उत्तर : शेजारच्या मुलाला नोकरी लागली हे कळलं. तुमच्या मुलाला काय जमतं, काय आवडतं, ते पत्रात कुठेच नाही. ताटावर रोज झडती घेतली तर कोणीही गप्पच बसेल. या कामात कधी कधी अख्खा दिवस कोडमध्ये राहून गेलेल्या एका कंसापायी जातो. त्या रात्री त्याने नवीन काय शिकलो म्हणून सांगायचं? आठवडाभर काही विचारू नका. रविवारी त्याने बनवलेलं पान त्याच्या शेजारी बसून बघा.

आता पोरखेळाचं. जाहिरातीत रिअ‍ॅक्ट मागतात म्हणून सुरुवात तिथूनच करायची, हा समज मुलांना फार महागात पडतो. रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेचीच लायब्ररी (तयार कोडचा संच), फेसबुकने 2013 मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. त्याआधी 2006 मध्ये आलेल्या जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्याच दुसऱ्या लायब्ररीचा असाच बोलबाला होता. जावास्क्रिप्ट पक्की असेल तर अशी लाट बदलली तरी निभावतं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने रिअ‍ॅक्टमध्ये देखणा फॉर्म केला होता. 'माऊस बाजूला ठेव आणि भर,' म्हटलं. टॅब दाबत गेली, तर 'सबमिट'वर पोचेचना. तिने साध्या 'डिव्ह'ला (नुसत्या चौकटीला) रंग देऊन बटण केलं होतं. एचटीएमएलचा 'बटन' टॅग वापरला असता तर टॅबने तिथे पोचणं आणि एंटरने ते दाबणं, दोन्ही आयतं मिळालं असतं.

म्हणजे तुमचा मुलगा बरोबर वाटेवर आहे. एचटीएमएल, मग सीएसएस (फ्लेक्सबॉक्स नि ग्रिडने पानाची मांडणी, मोबाइलवर पान बसवणं), मग जावास्क्रिप्ट. इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा, निदान चार-पाच महिने. गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) सुरुवातीपासून सोबत. रिअ‍ॅक्ट त्यानंतर, टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टचंच जास्त काटेकोर रूप) त्याच्याही पुढे. एमडीएन या वेब डेव्हलपरांसाठीच्या साइटवर वेबच्या या पायाभूत गोष्टी फुकट वाचायला मिळतात.

क्लासवाल्यांना विचारा, पुढच्या बॅचला बसू देतात का. नाही म्हणाले तरी, फी भरलीय म्हणून त्याला दामटू नका. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या.