कळकलेल्या पिना आणि गायब झालेलं नेट

प्रश्न : हर्णैला बंदराजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं छोटंसं दुकान आहे. भाच्याने जुन्या डेस्कटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स मिंट टाकून दिलं, वर्षभर मस्त चाललं. गेल्या आठवड्यात दोनदा लाईट गेली-आली आणि तेव्हापासून वायरचं नेट गायब. मोबाईलला वायफाय येतंय, म्हणजे राऊटर ठीक असावा. भाचा पुण्यात, फोनवर म्हणतो मामा फॉरमॅट मारूया. मारू का?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : नका हो मारू, भाच्याला म्हणावं जरा थांब. कॉम्प्युटरच्या मागे वाका आणि जिथे केबल घुसते तिथला बारका एलईडी पेटलाय का ते बघा, राऊटरच्या बाजूचाही बघा. दोन्हीकडे अंधार असेल तर लिनक्सपर्यंत काही पोचतच नाहीये, मग फॉरमॅट मारा नाहीतर नारळ फोडा, फरक शून्य. खात्री हवी तर टर्मिनल (लिनक्सला टाईप करून हुकूम द्यायची खिडकी) उघडून आयपी, मग स्पेस, मग लिंक असं रोमन लहान अक्षरांत टाईप करा. लो नावाची ओळ सोडून द्या, खालच्या ईएनपी किंवा ईएनओने सुरू होणाऱ्या ओळीत नो-कॅरियर दिसलं तर दोष वायर, पोर्ट किंवा नेटवर्क कार्डाचा (ज्यात केबल घुसते तो कॉम्प्युटरमधला भाग).

आणि तुमचं दुकान बंदरावर म्हटल्यावर माझा पहिला संशय खाऱ्या वाऱ्यावर. केबल काढा, टोकाचा तो पारदर्शक कनेक्टर उजेडात धरा, आत आठ पिना दिसतील. वरचा सोन्याचा मुलामा नावापुरताच असतो, तो झिजला की खालचा धातू हिरवट पडतो, कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात आमटी कळकते ना, तोच प्रकार. गंमत म्हणजे शंभर एमबीपीएसला आठातल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही, त्यामुळे अशी केबल बऱ्याचदा आधी नुसती स्लो होते आणि आपण कंपनीला शिव्या घालत बसतो. ब्लेडने मात्र खरवडू नका, उरलासुरला मुलामाही जाईल. दुसरी केबल लावून बघा, ती राऊटरच्या दुसऱ्या लॅन पोर्टात घाला (वॅन लिहिलेल्यात नको, तिथे एलईडी पेटतो पण नेट येत नाही). चाललं तर जुन्या केबलची टोकं कापून केबलवाल्याकडून नवे कनेक्टर मारून घ्या. कॉम्प्युटरचा पोर्टच कळकला असेल तर सगळं बंद करून, प्लग काढून, मोबाईल रिपेअरवाल्याकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश, आणि पूर्ण सुकल्याशिवाय चालू करायचं नाही.

एवढं करूनही अंधार राहिला तर विंडोजमध्ये जाऊन बघा. तिथेही नेट नसेल तर लिनक्स निर्दोष, लाईटच्या झटक्यात कार्ड गेलं असणार, यूएसबीचा लॅन अडॅप्टर आणा, बरेचसे लिनक्सवर लावले की चालतात. विंडोजमध्ये येतंय आणि लिनक्समध्ये नाही, असं असेल तर वेगळीच भानगड. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (लवकर चालू व्हायची सोय) चालू असलं की शटडाऊन करूनही विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि कधीकधी नेटवर्क कार्डालाही त्याच गुंगीत सोडून जातं, मग लिनक्सने कितीही हाका मारल्या तरी ते उठत नाही. फास्ट स्टार्टअप बंद करा, मशीन शटडाऊन करून भिंतीतला प्लग काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, दोन मिनिटांनी लावा. वेडगळ वाटतं खरं, पण चालतं.

एलईडी पेटतोय पण नेट नाही, तर टर्मिनलमध्ये आयपी, स्पेस, ए असं टाईप करा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला किंवा पत्ताच नाही, म्हणजे राऊटरने नंबर दिलेला नाही, राऊटर एकदा बंद-चालू करा. पत्ता बरोबर असेल आणि टर्मिनलमध्ये पिंग, स्पेस, ८.८.८.८ टाईप केल्यावर उत्तर येतं पण वेबसाईट उघडत नाही, तर डीएनएसचा (वेबसाईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सोयीचा) घोळ, तो भाचा फोनवरून पाच मिनिटांत सोडवेल.

प्रश्न : मिरगाला गडगडायला लागलं की आम्ही कॉम्प्युटरचा प्लग काढतो. तेवढं पुरेल ना?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही पुरत. राऊटरचा अडॅप्टर भिंतीत तसाच राहतो ना, झटका तिकडून शिरतो आणि लॅनच्या वायरीतून थेट तुमच्या मशीनमध्ये. लॅनची केबलही काढायची, आणि तीही आभाळ भरून आलं की लगेच, डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर वायरींना हात लावायला जायचं नाही. घरातून होमस्टेच्या खोल्यांपर्यंत माडांवरून लॅनची केबल ओढलेली असेल तर ती आधी उतरवा, तिथे फायबर टाका, काचेतून वीज वाहत नाही.