ओसरीवरची पुस्तकं : राजपुत्र क्रूर आहे, मग मुलींना तो आवडतो कसा?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच कादंबरीबद्दल आहेत, म्हणून या वेळी सगळी जागा तिलाच देते. कादंबरी इंग्रजी आहे : होली ब्लॅक या अमेरिकन लेखिकेची ‘द क्रुएल प्रिन्स’, 2018 साली आलेली, तीन भागांतली पहिली. माझ्या ओसरीवरच्या कपाटात तिची एकच प्रत आहे. पाठीचा पुठ्ठा सुटलाय, मी दोनदा चिकटवलाय. देवघेवीच्या वहीत तिच्यापुढे 21 नावं आहेत, त्यांतली 19 मुलींची. मी स्वतः ती तीनदा वाचली. शेवट सांगणार नाही, पण मधले काही प्रसंग सांगितल्याशिवाय या पत्रांना उत्तर देता येणार नाही. ज्यांना कोरं मन ठेवून वाचायचंय त्यांनी आधी पुस्तक वाचावं, मग हे पान.

ताई, नमस्कार. माझी मुलगी 15 वर्षांची आहे. हे पुस्तक तिनं लागोपाठ तीनदा वाचलं, म्हणून मीही वाचायला घेतलं, निम्मं झालंय. तो राजपुत्र त्या मुलीच्या जेवणावर माती उडवतो, मित्रांना घेऊन तिला नदीत लोटतो. आणि माझी लेक म्हणते, “आई, तो मनातून तसा नाहीये गं.” हेच वाक्य मी माझ्या मावसबहिणीच्या तोंडून वीस वर्षं ऐकलंय. पुस्तक काढून घेऊ का?
— एक आई, कोल्हापूर

काढून घेऊ नका. पण तुम्हाला वाटलेली भीती खरी आहे. “एवढं काय त्यात, गोष्टच तर आहे” असं मी तुम्हाला म्हणणार नाही. गोष्टींनी माणूस घडतो असं मानते म्हणून तर हे कपाट चालवते.

आधी मुलीच्या बाजूनं बघू. कादंबरीची सुरुवात आठवा. सात वर्षांची नायिका जूड गालिच्यावर बसून मायक्रोवेव्हमध्ये मऊ पडलेल्या फिश स्टिक्स केचपमध्ये बुडवून खातेय. जुळी बहीण टॅरिन अंगठा तोंडात घालून झोपलीय. थोरली व्हिव्ही टीव्हीवर उंदीर-मांजराची पळापळ बघतेय. दार वाजतं, लांब काळा कोट घातलेला एक माणूस आत येतो आणि थोड्याच वेळात तिचे आईवडील तिच्या डोळ्यांदेखत मेलेले असतात. तो माणूस म्हणजे मॅडॉक, फेअरींच्या, म्हणजे लोककथांतल्या जादुई लोकांच्या, राजाचा सेनापती. जूडची आई पूर्वी त्याची बायको होती आणि त्याच्यापासून पळून आली होती. व्हिव्ही त्याचीच मुलगी. तो तिघींनाही आपल्या राज्यात घेऊन जातो आणि पोटच्या पोरींसारखं वाढवतो.

दहा वर्षांनी जूड 17 वर्षांची होते. आजूबाजूला सगळे तिच्याहून देखणे, बळकट, न म्हातारे होणारे. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे नोकर नाहीतर खेळणं. लहानपणी एका पहारेकऱ्यानं तिच्या बोटाचं टोक चावून तोडलंय. कुणी विष घालून मारू नये म्हणून ती रोज थोडं थोडं विष स्वतःच खाते, पोटात कळा येतात तरी खाते. 15 वर्षांच्या मुलीला हे का भिडतं, हे मला वर्गात नवीन आलेल्या, बोलीवरून हसल्या गेलेल्या मुलींकडे बघून कळतं. जूडला सतत भीती वाटते आणि ती भीती ती कुणाला दिसू देत नाही. माझ्या मते पुस्तकाची सगळी ताकद या एका गोष्टीत आहे. तुमची लेक तीनदा वाचतेय ती फक्त राजपुत्रासाठी नसेल. तिला विचारून बघा.

आता राजपुत्र. कार्डन हा फेअरींच्या राजाच्या सहा मुलांतला सगळ्यात धाकटा. तुम्ही निम्म्यापर्यंत आलाय म्हणजे नदीचा प्रसंग वाचलाय. पाण्यात दातेरी जलचर आहेत, आणि तो काठावर उभा राहून टॅरिनला सांगतो, बहिणीची बाजू सोड आणि बाहेर ये. हे थट्टेत बसत नाही. दोन बहिणींना एकमेकींपासून तोडणारा क्रूरपणा आहे हा, आणि लेखिकेनं तो तसाच, काहीही सौम्य न करता लिहिलाय. हे मला तिच्या बाजूनं मोजावंसं वाटतं.

चूक पुढे होते. एका रात्री लपलेल्या जूडला दिसतं की कार्डनचा मोठा भाऊ त्याला नोकराकरवी पट्ट्यानं मारवतोय. हा प्रसंग उत्तम लिहिलाय. मारणारा नोकर मंतरलेला माणूस आहे, त्याला आपण काय करतोय याचंही भान नाही. पण इथून पुढे कादंबरी गुपचूप हिशेब जुळवायला लागते : त्याला मार बसला, म्हणून तो मारतो, म्हणून त्याला समजून घ्या. कारण कळणं वेगळं आणि माफी मिळणं वेगळं. या खंडात कार्डन जूडकडे नदीबद्दल एकदाही मनापासून माफी मागत नाही. उलट, त्याच्या पुस्तकात एक कागद सापडतो, त्यावर तिचं नाव पुन्हा पुन्हा, कागद भरेपर्यंत खरडलेलं. बऱ्याच मुलींना तो कागद म्हणजे प्रेमाचा पुरावा वाटतो. मला त्यात ध्यास दिसतो. ध्यास आणि प्रेम यांतला फरक लेखिकेला माहीत आहे असं वाटत राहतं, पण या खंडात ती तो फरक वाचकाच्या हातात देत नाही. कथा म्हणून हा दोष आहेच, कारण प्रेमाकडे जाणारी एक पायरी गाळली गेलीय.

तेव्हा लेकीशी बोलताना “तो वाईट आहे” म्हणून सुरुवात करू नका, ती लगेच त्याची वकील होईल. “त्यानं माफी कुठल्या पानावर मागितली, मला दाखव ना,” असं विचारा. माझ्या कपाटापाशी हा प्रश्न मी दोन मुलींना विचारला. दोघींनी पुस्तक उघडून शोधलं. एक बराच वेळ गप्प बसली. दुसरी म्हणाली, “पुढच्या भागात मागत असेल.” तीही वाचनाची एक पायरीच.

आणखी एक, आई म्हणून तुम्हाला आधी ठाऊक असावं. शरीरसंबंधांची वर्णनं यात नाहीत, चुंबनापुढे गोष्ट जात नाही. पण खून आहेत, शुद्ध हरपायला लावणारं फळ जबरदस्तीनं तोंडात कोंबणं आहे, आणि सोफी नावाची एक मुलगी आहे. जूड तिला गुलामीतून सोडवते, पण जे बघितलंय ते सोफीला सहन होत नाही आणि ती खिशात दगड भरून समुद्रात उडी घेते. तो प्रसंग मोजक्या ओळींत येतो आणि संपतो. जूड हादरते खरी, पण कथेला पुढची घाई आहे. मला ही घाई टोचली. एवढं मोठं मरण असं वाटेत टाकून जायला नको होतं. तुमची लेक त्यावर काही बोलली नसेल तर तुम्ही विषय काढा.

प्रिय मावशी, मी 16 वर्षांची आहे. माझ्या मैत्रिणी कार्डनवर भांडतात, मला मात्र सगळ्यात जास्त मॅडॉक आवडतो. त्यानं जूडच्या आईबाबांना मारलंय हे माहीत असूनही. मी वाईट वाचक आहे का?
— ठाणे

अगं, तुझं पत्र वाचून मी आमच्या घरात सगळ्यांना वाचून दाखवलं! तू फार चांगली वाचक आहेस. मला दुसऱ्या वाचनात कळलं ते तुला पहिल्यात कळलं. या कादंबरीतली खरी प्रेमकथा जूड आणि मॅडॉक यांची आहे.

बघ ना, तलवार धरायला तिला कुणी शिकवलं? डाव कसा टाकायचा, समोरच्याची चाल आधी कशी ओळखायची, हे कुणी शिकवलं? त्यानंच. तिला सरदार व्हायचंय, तो परवानगी देत नाही, कारण त्याच्या मते तिच्यात जीव घेण्याची धमक नाही. जो बाप आपल्या आईवडिलांचा खुनी आहे त्याच्याकडून शाबासकी हवी असणं, आणि ती मिळाली नाही म्हणून जीव जळणं! हे लिहायला धाडस लागतं. जूड त्याचा द्वेष करते, त्याच्यावर जीव लावते, आणि दिवसेंदिवस त्याच्यासारखीच होत जाते. ती पुढे काय काय करते ते तुला माहीत आहे. प्रत्येक वेळी मला त्यात मॅडॉकचा हात दिसला.

भाषेतली एक गंमत तुझ्या लक्षात आली का? खुनाचा तो पहिला प्रसंग तिऱ्हाइताच्या तोंडून, भूतकाळात सांगितलाय. नंतर अख्खी कादंबरी जूडच्या तोंडून, वर्तमानकाळात. जणू त्या दुपारची मुलगी तिच्यासाठी दुसरीच कुणी होती, तिच्याबद्दल ‘मी’ म्हणवतच नाही. पुन्हा वाचशील तेव्हा सुरुवातीचा तो प्रसंग संपून पहिलं प्रकरण सुरू होतं तिथं जरा थांब.

मॅडॉकच्या प्रसंगांइतकी मेहनत लेखिकेनं टॅरिनवर घेतली असती तर किती बरं झालं असतं. नदीतून बाहेर येणारी, जुळवून घेणारी, लग्न करून या लोकांत सामावू पाहणारी बहीण. तिचाही मार्ग जगण्याचाच होता. पण कार्डनचा मित्र लॉक आला आणि तिची गोष्ट फसवणुकीच्या एका कटापुरती उरली. लॉकचं कपट मला पन्नास पानं आधी कळलं होतं. टॅरिनला नेमकं काय वाटलं, ते मात्र मला अजूनही हवंय.

आदरणीय ताई, नातीबरोबर एकेक प्रकरण वाचतो आहे, डोळ्यांमुळे ती मोठ्यानं वाचते. एक शंका. फेअरी म्हणजे परी ना? मग हा सेनापती शत्रूच्या रक्तात टोपी कसली बुडवतो? परी अशी असते का?
— एक आजोबा, वय 74, मडगाव

काका, तुमची शंका अगदी रास्त आहे. ‘परी’ या शब्दानं आपल्या डोळ्यांसमोर पंख आणि जादूची कांडी येते, आणि इथं ती काही कामाची नाही. ही माणसं स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडच्या जुन्या लोककथांतली. मॅडॉकची जात ‘रेडकॅप’, म्हणजे लाल टोपीवाला. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या पडक्या गढ्यांत राहणारं हे भूत रक्तानं टोपी रंगवतं अशी तिकडची समजूत. त्यांच्या राज्याचं नाव एल्फहेम, तेही जुन्या स्कॉट बोलीतलं. आपल्याकडे जवळचं शोधायचं तर परीपेक्षा डोहातल्या आसरा आठवाव्यात. त्यांचा मान राखला तर ठीक, नाहीतर ओढून नेणाऱ्या.

आणखी एक तुम्हाला नातीला सांगता येईल. फेअरींना लोखंड सोसत नाही, आणि त्यांची भूल उतरवायला जूड मीठ जवळ बाळगते. आमच्या आजीनं बाळंतिणीच्या उशाशी अडकित्ता ठेवलेला मी बघितलाय, आणि मीठ-मोहऱ्यांची दृष्ट तर तुमच्याही घरी काढत असतील.

या सगळ्या नियमांत एक नियम लेखिकेनं फार सुंदर वापरलाय : फेअरींना खोटं बोलता येत नाही. ते सत्यच बोलतात, पण असं वळवून की ऐकणारा फसतो. माणूस मात्र सरळ खोटं बोलू शकतो. त्या अख्ख्या दरबारात दुबळ्या जूडकडे एवढी एकच गोष्ट जास्तीची आहे. डेन नावाचा राजपुत्र ते हेरतो आणि तिला आपली हेर करतो. नातीला आता एक खेळ द्या. एखादा फेअरी काही बोलला की थांबायचं आणि शोधायचं, यानं काय बोलायचं टाळलं? मोठ्यानं वाचताना याला फार मजा येते.

मावशी, मी 17 वर्षांचा. शंभर पानं झाली, नुसती शाळा आणि छळ चाललाय. सोडू का? शिवाय मित्र म्हणतात हे मुलींचं पुस्तक आहे.
— नांदेड

सोडू नकोस. पूर्वार्ध लांबलाय, हे मलाही मान्य आहे. छळाचे दोन प्रसंग गाळले असते तरी काही बिघडलं नसतं. पण डेन जूडला कामाला लावतो तिथून पुस्तकाचा नूर बदलतो. हेरगिरी, चोरलेली पत्रं, गादीसाठीचे डाव सुरू होतात, आणि राज्याभिषेकाच्या प्रसंगानंतर तुला खाली ठेवता येणार नाही. आवडलं तर 2019 मध्ये आलेले पुढचे दोन भाग आहेत, ‘द विकेड किंग’ आणि ‘द क्वीन ऑफ नथिंग’. दुसरा मला पहिल्याहून जास्त आवडला. त्यात जूडच्या हाती सत्ता आहे, आणि ती टिकवताना तिची झोप कशी उडते ते बघायला मिळतं.

मित्रांशी वाद घालू नकोस. केचप आणि फिश स्टिक्सचा तो सुरुवातीचा प्रसंग काहीच पानांचा आहे, तेवढा वाचायला दे.