जर्मन वाइन घेताना आधी लेबल वाच
रिसलिंग ही जर्मनीची प्रसिद्ध पांढरी वाइन, त्याच नावाच्या द्राक्षाची. 'रिसलिंग म्हणजे गोडच' हे आधी डोक्यातून काढ. बाटलीवर 'ट्रोकन' लिहिलं असेल तर ती कोरडी, म्हणजे गोड नसलेली. नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघ: 8-9 टक्के म्हणजे साखर शिल्लक आहे, 12 च्या वर बहुधा कोरडी.

जर्मनीत 13 वाइन-प्रदेश आहेत, पाठ करत बसू नकोस. मोझेल नदीकाठच्या प्रदेशापासून सुरू कर. तिथल्या ब्रेम गावचा काल्मोंट हा द्राक्षमळ्याचा उतार तर जवळपास 65 अंशांचा, भिंतच म्हण ना! तिथला पाटीचा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री वेलींना ऊब देतो, म्हणून त्या थंडीत द्राक्ष पिकतं.

तिखटाबरोबर काबिनेट, म्हणजे हलकी रिसलिंग, घे. जुन्या रिसलिंगला रॉकेलसारखा वास आला तर बाटली ओतून देऊ नकोस, तो तिचाच गुण. रेड हवी असेल तर आर नदीच्या खोऱ्यातली श्पेटबुर्गुंडर, म्हणजे पिनो न्वार द्राक्षाची वाइन.