वाचक विचारतात : केंद्रावरचा निकाल आणि आयोगाचा निकाल

व्हेनेझुएलात २८ जुलै २०२४ रोजी राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं. निवडणूक आयोगाने सत्ताधारी राष्ट्राध्यक्ष निकोलस मादुरो यांना विजयी घोषित केलं, पण मतदान केंद्रनिहाय आकडे दिले नाहीत. विरोधकांनी मात्र केंद्राकेंद्रांवरची निकालपत्रकं संकेतस्थळावर टाकली आणि आपले उमेदवार एदमुन्दो गोन्सालेस दुपटीहून जास्त मतांनी जिंकल्याचं दाखवलं. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

विरोधकांच्या हाती ही पत्रकं आली कुठून? सरकारी संगणकातून माहिती फोडली का? (सांगली)

फोडायची गरजच पडली नाही. पत्रक यंत्रातूनच छापून निघतं आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींना त्याची प्रत मिळणं हा तिथला कायदेशीर हक्क आहे.

तिथे ओळखपत्राचा क्रमांक आणि बोटाचा ठसा जुळला की मतदान यंत्र खुलं होतं. पडद्यावर उमेदवाराचा चौकोन दाबायचा (पाठिंबा देणाऱ्या प्रत्येक पक्षाचा चौकोन वेगळा, त्यामुळे २०२४ मध्ये असे ३८ चौकोन होते आणि त्यांतल्या १३ चौकोनांत मादुरोंचाच फोटो होता), बाहेर येणारी कागदी चिठ्ठी वाचायची, घडी घालून पेटीत टाकायची. खरी मेख आहे ती मतदान संपल्यानंतरच्या क्रमात. यंत्र आधी निकालपत्रक छापतं आणि त्यानंतर ते लाइनला जोडून आकडे राजधानी कराकासमधल्या मुख्य केंद्राकडे पाठवले जातात. हा क्रम उलटा असता, तर वरून काही बदल झाला असता तो कागदावरही उमटण्याची भीती राहिली असती. छपाई आधी होत असल्याने कागदावरचे आकडे आणि पुढचं सगळं जाळं यांचा संबंध तिथेच तुटतो.

पत्रक म्हणजे दुकानातल्या बिलासारखी लांबलचक पट्टी. तिच्यावर केंद्राचा आणि यंत्राचा सांकेतिक क्रमांक, प्रत्येक उमेदवाराची पक्षनिहाय मतं, अवैध मतं, कर्मचाऱ्यांच्या व प्रतिनिधींच्या सह्या, एक क्यूआर कोड आणि अक्षर-अंकांची एक लांब ओळ असते. ही ओळ म्हणजे यंत्राची डिजिटल स्वाक्षरी.

यंत्रं सुमारे ३०,०००. विरोधकांनी कित्येक महिने आधीपासून प्रतिनिधींना प्रशिक्षण दिलं होतं : प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही, क्यूआर कोड जागेवरच मोबाइलने वाचून पाठवायचा, आणि मूळ कागद ठरलेल्या जागी पोचवायचा. तिथे स्कॅनर तयार होते. दुसऱ्या दिवशी रात्री विरोधकांच्या नेत्या मारिया कोरिना माचादो यांनी ७३ टक्के पत्रकं हाती असल्याचं सांगितलं. पुढे हा आकडा ८३ टक्क्यांच्या वर गेला. उरलेली का मिळाली नाहीत? काही केंद्रांवर प्रतिनिधींना आत येऊ दिलं नाही, काहींवर छापील प्रत देण्यास नकार दिला गेला. म्हणजे गळती झाली ती माणसांच्या पातळीवर. यंत्राने छपाईत कसूर केली नाही.

इथे २०१७ची आठवण काढायला हवी. तेव्हा संविधान सभेच्या निवडणुकीनंतर यंत्रं पुरवणाऱ्या स्मार्टमॅटिक कंपनीनेच लंडनमध्ये जाहीर केलं की मतदानाचा आकडा किमान १० लाखांनी फुगवला आहे. पण त्या निवडणुकीवर विरोधकांनी बहिष्कार घातला होता. केंद्रांवर त्यांचे प्रतिनिधी नव्हते, त्यामुळे प्रतीही नव्हत्या. लोकांपुढे ठेवायला कंपनीच्या शब्दाखेरीज काहीच उरलं नाही. बहिष्काराची ही किंमत फारशी कुणी मोजत नाही.

आजकाल काहीही बनवता येतं. २५,००० खोटी पत्रकं बनवणं अवघड आहे का? (ठाणे)

एक बनवणं सोपं. सगळी एकमेकांशी जुळवणं महाकठीण. तपासणी अशी होते : क्यूआर वाचल्यावर आलेले आकडे पट्टीवर छापलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचे, केंद्राचा क्रमांक आयोगाच्या आधीच्या यादीत आहे का ते बघायचं, एकूण मतं त्या यंत्राच्या मतदारसंख्येपेक्षा जास्त होत नाहीत ना हे मोजायचं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जवळपास २४,००० पत्रकांचे क्यूआर कोड वाचून बेरीज केली. ७९ टक्के यंत्रांवरच गोन्सालेस यांना ६८ लाखांहून जास्त मतं निघाली, म्हणजे आयोगाने मादुरोंना दिलेल्या मतांपेक्षाही जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने नमुना म्हणून काही पत्रकं तपासली. अस्सल पत्रकाची सर्व सुरक्षा-चिन्हं त्यांवर आढळली.

सरकारने काही पत्रकांवर सह्या नाहीत, असा आक्षेप घेतला. काही ठिकाणी तसं होतंही. पण सही राहिली म्हणून क्यूआरमधली मतं बदलत नाहीत. आणि पत्रकं खोटी ठरवायचा सगळ्यात सोपा मार्ग आयोगाच्याच हातात होता : स्वतःकडची प्रसिद्ध करणं. तो वापरला गेला नाही.

आयोगाचे आकडे ‘फारच गोल’ होते, असं वाचलं. म्हणजे काय? (पुणे)

कॅल्क्युलेटर घ्या. पहिल्या घोषणेत एकूण मतं १,००,५८,७७४ होती. त्याचे ५१.२ टक्के काढा : ५१,५०,०९२.२९. मादुरोंची जाहीर मतं ५१,५०,०९२. मग ४४.२ टक्के : ४४,४५,९७८.११. गोन्सालेस यांची जाहीर मतं ४४,४५,९७८. इतरांचे ४.६ टक्के ४,६२,७०३.६०, जाहीर ४,६२,७०४. तिन्ही आकडे जवळच्या पूर्णांकाला तंतोतंत.

खऱ्या मोजणीत टक्केवारी ५१.१९६३ किंवा ५१.२३८७ अशी वेडीवाकडी येते. एका दशांश टक्क्यात इथे सुमारे १०,००० मतं मावतात. त्यामुळे एका उमेदवाराचा आकडा नेमका गोल टक्क्यावर बसण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एक. दोघांचा एकदम बसण्याची दहा कोटींत एक. तिसरा आपोआपच बसतो.

मात्र यावरून सिद्ध काय होतं, ते सांभाळून बोलावं. टक्के आधी ठरले आणि मतं त्यांवरून काढली, इतकं जवळपास नक्की. टक्के कुणी आणि कशावरून ठरवले, हे हा हिशेब सांगत नाही. खरा निकाल कोणता, हेही नाही. त्यासाठी पट्ट्याच लागतात. दुर्दैवाने अनेकांनी हाच हिशेब मुख्य पुरावा म्हणून फिरवला.

सरकार म्हणतं, उत्तर मॅसेडोनियातून सायबर हल्ला झाला. तसं असेल तर? (मडगाव)

तसं असेल तर आकडे यायला उशीर होईल. आधीच छापलेल्या पत्रकावर त्याचा परिणाम शून्य. अमेरिकेतल्या कार्टर सेंटर या संस्थेच्या निवडणूक निरीक्षकांना अशा हल्ल्याचा पुरावा दिसला नाही. केंद्रनिहाय तपशील न देता विजेता जाहीर करण्याला आजच्या लोकशाही निवडणुकांत दाखला नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीने लिहिलं.

केंद्राकेंद्रावर कॅमेरे बसवले की प्रश्न मिटत नाही का? (नागपूर)

नाही. निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध डिसेंबर २०११ मध्ये झालेल्या आंदोलनानंतर रशियाने मार्च २०१२ मध्ये ९०,००० हून अधिक केंद्रांवर कॅमेरे बसवले आणि चित्रण सर्वांना खुलं ठेवलं. पेटीत गठ्ठे टाकताना काही जण त्यात दिसलेही. कॅमेऱ्याला पेटी दिसते, बेरजेचा तक्ता वाचता येत नाही. शिवाय चित्रण कुणी पाहायचं हे सत्तेच्याच हातात : २०२१ मध्ये सामान्य नागरिकांसाठीचं थेट प्रक्षेपण बंद झालं.

एवढा पुरावा होता, तरी सत्ता बदलली का नाही? (दादर)

कारण निवाडा करणारं सर्वोच्च न्यायालय सरकारच्या बाजूचं होतं. २२ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने मादुरोंच्या विजयावर शिक्कामोर्तब केलं. निषेध करणाऱ्या २,००० हून अधिक लोकांना अटक झाली, गोन्सालेस सप्टेंबरमध्ये स्पेनला गेले, १० जानेवारी २०२५ला मादुरोंनी शपथ घेतली. पत्रकांमुळे काय झालं ते आडवळण न घेता सांगू : ‘कोण जिंकलं’ हा वाद संपला. कायदा कोण पाळायला लावणार, हा वाद उरला, आणि तो कुठलंही तंत्र सोडवू शकत नाही.

मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी निकालावर शंका घेऊन मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं, त्या वेळी आमच्याकडे चर्चा झाली होती. आपल्या प्रतिनिधीला अशी पट्टी मिळते का? (माळशिरस)

उमेदवारनिहाय पट्टी केंद्रावर मिळत नाही, कारण आपल्याकडे केंद्रावर मोजणीच होत नाही. मिळतो तो फॉर्म १७-सीचा पहिला भाग : कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या यंत्राचा) क्रमांक आणि त्यात नोंदलेली एकूण मतं. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने त्याची साक्षांकित प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधीला द्यायची असते. ती घेताना युनिटचा क्रमांक स्वतः ताडून पाहा आणि मोबाइलवर फोटो न ठेवता कागदच जपा. मोजणीच्या दिवशी टेबलावर तोच क्रमांक आणि तीच एकूण संख्या येते का, हे तुमच्या मोजणी प्रतिनिधीने त्या प्रतीवरून बघायचं. फरक आढळला तर आक्षेप तिथेच, लेखी, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे.

व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाचच केंद्रांच्या मोजल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४च्या निकालानंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार ५ टक्के यंत्रांच्या तपासणीची मागणी करू शकतो. मुदत निकालापासून सात दिवसांची, अर्ज लेखी आणि खर्च त्याचा. गडबड सिद्ध झाली तर पैसे परत.