दातांच्या फटीतली कीड शोधायला कोणता एक्स-रे घ्यावा: छोटा, ओपीजी की सीबीसीटी?

दोन दाढांच्या मधली कीड शोधायची असेल तर बाइटविंग हा छोटा एक्स-रे. त्यासाठी ओपीजी (सगळा जबडा एकाच चित्रात दाखवणारा मोठा एक्स-रे) नको, आणि सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) तर नकोच.

बाइटविंगमध्ये सेन्सर धरणारी पट्टी दातांनी चावून धरायची असते. किरण फटीतून सरळ जातात, म्हणून वरच्या-खालच्या दाढांचा हिरडीबाहेरचा भाग एकाच चित्रात, कडा एकमेकींवर न चढता दिसतो. दाढा जिथे एकमेकींना टेकतात त्याच्या जरा खाली ही कीड सुरू होते. आरशात ती दिसत नाही, दुखतही नाही. ओपीजीत नेमकी हीच जागा फसते: उपदाढांच्या (सुळे आणि दाढा यांच्यामधल्या दातांच्या) कडा एकमेकींवर येतात आणि बारकावे पुसट होतात. अक्कलदाढेसाठी मात्र तो उत्तम.

नेहमीचा छोटा एक्स-रे (आयओपीए) मुळाच्या टोकाशी पू किंवा सूज आहे का ते पाहायला. सीबीसीटीत धातूच्या फिलिंगभोवती काळे पट्टे उमटतात, ते किडीसारखेच भासतात. ‘आरव्हीजी’ हा वेगळा प्रकार नव्हे. तो छोटाच एक्स-रे, फक्त फिल्मऐवजी सेन्सर, त्यामुळे किरण कमी लागतात.

एक गोष्ट कृपया लक्षात ठेवा. साधारण ३० ते ४० टक्के खनिज झिजल्याशिवाय कीड एक्स-रेत उमटत नाही. चावण्याच्या पृष्ठभागावरची सुरुवातीची कीड तर बहुधा दिसतच नाही. तिथे दात हवेने सुकवून, चांगल्या उजेडात डोळ्यांनीच पाहावं लागतं. एक्स-रे बघून ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना तेवढं तपासायला जरूर सांगा.