नि-क्षयवर नव्याने नोंदी करताय? आधी एवढं सांभाळा

नि-क्षय म्हणजे क्षयरोगाच्या (टीबी) पेशंटांची नोंद ठेवणारं सरकारी पोर्टल. पहिल्याच आठवड्यात त्याचे सगळे टॅब पाठ करू नका. रिपोर्ट काढणं वगैरे नंतर येईलच.

१. नवा आयडी काढण्याआधी शोधा, तेही नुसत्या नावाने नको, मोबाइल नंबरनेही. ‘सुनीता’ची ‘सुनिता’ झाली की जुनी नोंद हुकते आणि एकाच पेशंटचे दोन आयडी होतात. गोळ्या एकीकडे, थुंकीचा रिपोर्ट दुसरीकडे. पेशंट दुसऱ्या केंद्रातून आला असेल तर ट्रान्सफर करून घ्या.

२. निदानाची तारीख वेगळी, उपचार सुरू झाल्याची वेगळी. दोन्हीकडे आजची तारीख ठोकणं ही सर्रास चूक. दोन महिन्यांनंतरची थुंकी तपासणी उपचाराच्या तारखेवरून मोजतात, म्हणून ही तारीख उपचार कार्ड बघूनच भरा.

३. पेशंटचा खाते क्रमांक पासबुक समोर ठेवून टाका, तोंडी ऐकून नाही. पासबुक देना बँकेचं निघालं तर थांबा: ती २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, आयएफएससी नवा लागतो. नाहीतर पेशंटला मिळणारे पोषण योजनेचे महिन्याचे १,००० रुपये अडकतात.

वजन, एचआयव्ही, शुगर हे रकाने ‘उद्या भरू’ म्हणून सोडू नका. केसपेपर वॉर्डातून हलला की शोधत बसाल.