समुद्रातून काढलेले विमान लगेच वाळवत का नाहीत?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात समुद्रात कोसळलेली विमाने अनेक दशकांनी बाहेर काढली जातात. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही. मग अशी विमाने वाळवून कोरड्या जागी ठेवण्याऐवजी दीर्घकाळ ओलीच का ठेवतात?

उत्तर : विमानाचा पत्रा बहुधा निव्वळ अ‍ॅल्युमिनियमचा नसतो; बळकटीसाठी त्यात तांबे मिसळलेले असते आणि खाऱ्या पाण्यात तेच घातक ठरते. अ‍ॅल्युमिनियमवर आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा पातळ थर आतल्या धातूला जपतो. परंतु समुद्रातील क्लोराइड तो थर भेदून पत्र्यात बारीक खड्डे पाडते आणि त्या खड्ड्यांत व पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या (धातूच्या खिळ्यांच्या) फटींत मुरते. वाळूत गाडलेल्या भागापर्यंत प्राणवायू फारसा पोहोचत नसल्यामुळे तेथे झीज मंद असते. विमान वर येताच प्राणवायू मुबलक मिळतो, पाणी आटते, क्षारांची तीव्रता वाढते आणि कित्येक दशके तग धरलेल्या पत्र्याचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून आधी क्षार धुऊन काढायचे आणि मगच वाळवायचे, हा क्रम पाळावाच लागतो.

ऑगस्ट १९४० मध्ये पाडले गेलेले जर्मन डॉर्नियर १७ हे बॉम्बफेकी विमान जून २०१३ मध्ये इंग्लंडच्या केंट किनाऱ्याजवळील गुडविन सँड्स या वाळूच्या उथळ पट्ट्यातून काढण्यात आले. रॉयल एअर फोर्स म्युझियमने ते कॉसफर्ड येथे प्लास्टिकच्या आच्छादनाच्या बोगद्यांत ठेवून त्यावर सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाचे फवारे सतत मारले. या उपचाराचे संशोधन लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये झाले होते. गोड्या, थंड पाण्यातील विमानांचे नशीब पुष्कळ बरे असते : नॉर्वेतील म्योसा सरोवराच्या तळातून १९९५ मध्ये काढलेले हॅलिफॅक्स हे ब्रिटिश बॉम्बफेकी विमान कॅनडातील ट्रेंटन येथे पूर्ववत उभे करता आले.

माझ्या मते साठवणुकीची जागा, पाणी, मनुष्यबळ आणि पुढील अनेक वर्षांचा खर्च यांची तजवीज झाल्याखेरीज विमान तळावरून हलवूच नये. केवळ बाहेर काढण्याच्या उत्साहात उचललेला सांगाडा उघड्यावर पडून राहिला, तर तो समुद्रात राहण्यापेक्षाही लवकर नष्ट होतो, आणि ही हानी भरून निघत नाही.

वाहतुकीसाठी पंख करवतीने कापण्याऐवजी मूळ जोडांपाशी सोडवावेत आणि प्रत्येक भागाला क्रमांक देऊन छायाचित्रे घ्यावीत. पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम ओलसर अवस्थेत एकमेकांना टेकलेले राहिले, तर अ‍ॅल्युमिनियम अधिक वेगाने झिजते. म्हणून शक्य तेथे ते वेगळे करावेत. वाळलेले भाग प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नयेत, कारण आत दव साचते. जुना रंग व त्यावरील क्रमांक हा विमानाच्या ओळखीचा पुरावा असतो, त्यामुळे जोराच्या फवाऱ्याने साफसफाई टाळावी. दारूगोळा मात्र सर्वांत आधी तज्ज्ञांकडून निकामी करून घ्यावा, आणि रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा चमकता रंग असलेल्या उपकरणांच्या तबकड्या उघडू वा खरवडू न देता वेगळ्या, हवेशीर जागी ठेवाव्यात.